सुरू होताना सगळं ठीक, बंद होताना शेवटच्या नोंदी गायब: शटडाउनचा क्रम ठरवतं कोण?

रात्रपाळी

तीन मशीन सांभाळतो. एक जुनं लिनक्स, सर्व्हिसेस सुरू-बंद करायला इनिट-डी स्क्रिप्ट वापरणारं. दुसरं फ्रीबीएसडी, युनिक्स घराण्यातलंच. तिसरं नवं लिनक्स, तेच काम सिस्टम-डीने करणारं. तिन्हींवर आमचा एकच प्रोग्राम चालतो. सेन्सरकडून येणाऱ्या नोंदी तो मेमरीत रांगेत ठेवतो आणि दर मिनिटाला त्याच मशीनवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकतो. सिगटर्म (‘आता बंद हो’ हा सिग्नल) आला की उरलेली रांग डेटाबेसमध्ये ओतायची आणि मगच बाहेर पडायचं, असं त्यात लिहिलेलं आहे.

हाताने किल केला तर एकही नोंद हरवत नाही, शंभरदा तपासलंय. मशीन रीबूट केलं की मात्र शेवटच्या मिनिटातल्या नोंदी जातात. जुन्या लिनक्सवर आणि फ्रीबीएसडीवर दरवेळी, नव्यावर कधी जातात कधी नाही. सुरू होताना तिन्हीकडे काहीच अडचण नाही. रीबूटच्या आधी सिंक करून पाहिलं, तीनतीनदा केलं, फरक शून्य. या नोंदी पुन्हा मिळवता येत नाहीत, म्हणून जीव टांगणीला लागलाय. कुठून बघायला सुरुवात करू?

---

जुनंटर्मिनल

आधी सिंकचं सांगतो, कारण त्यावर विसंबणारे फार भेटतात. सिंक कर्नलच्या ताब्यातला डेटा डिस्कवर ढकलतं. तुमची रांग आहे प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत. ती कर्नलच्या दृष्टीने अजून कुठे ‘लिहिलेली’च नाही, तेव्हा सिंक ढकलणार काय?

तीनदा सिंक करायची पद्धत जुन्या युनिक्सच्या काळातली. तेव्हा सिंक लिहिण्याचं काम लावून द्यायचं आणि लगेच परत यायचं, काम संपायची वाट पाहायचं नाही. तीन वेगळ्या ओळींवर तीनदा टाइप करण्यात जो वेळ जायचा, तेवढ्यात डिस्कचं लिहून व्हायचं. लिनक्सवरचं सिंक लिहून होईपर्यंत थांबतं, त्यामुळे आता एकदा पुरतं.

आता दोन गोष्टी सांगा. प्रत्येक मशीनवर रीबूट नेमक्या कुठल्या कमांडने करता? आणि प्रोग्राम सुरू कोण करतं, कुठल्या फाइलमधून?

---

रात्रपाळी

तिन्हीकडे नुसतं रीबूट टाइप करतो.

जुन्या लिनक्सवर इनिट-डीमध्ये हाताने लिहिलेली स्क्रिप्ट आहे, स्टार्ट आणि स्टॉप दोन्ही त्यात आहेत. चेककॉन्फिगच्या (स्क्रिप्टचा क्रम लावणारी कमांड) ओळीत सुरू करायचा क्रमांक ८० आणि बंद करायचाही ८०. फ्रीबीएसडीवर आरसी-डीमधली स्क्रिप्ट, पोस्टग्रेस आधी लागतं असं रिक्वायरमध्ये दिलंय. नव्या लिनक्सवर युनिट फाइल, त्यात रिक्वायर्स म्हणून पोस्टग्रेसची सर्व्हिस.

शिवाय प्रोग्राम सुरू होताना डेटाबेस मिळाला नाही तर दर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. बंद होताना मात्र एकदाच.

---

निळीशाई

जुन्या लिनक्सवर दोन चुका दिसतायत.

पहिली: तुमची स्क्रिप्ट /व्हार/लॉक/सबसिस या डिरेक्टरीत स्वतःच्या नावाची रिकामी फाइल बनवते का? रेड हॅट घराण्याच्या जुन्या आवृत्त्यांत रनलेव्हल (मशीनची अवस्था: चालू, बंद, रीबूट) बदलताना आरसी स्क्रिप्ट प्रत्येक ‘के’ दुव्यासाठी (सर्व्हिस थांबवायला लावलेली, के२० अशा नावाची लिंक) आधी ही लॉक फाइल आहे का ते बघते. नसेल तर ही सर्व्हिस चालूच नव्हती असं धरून पुढे जाते. तुमचा स्टॉप भाग कितीही नीट लिहिलेला असो, त्याला कुणी बोलावतच नाही. मग शेवटी उरलेल्या सगळ्या प्रोसेसना सरसकट सिगटर्म जातो आणि काही सेकंदांत सिगकिल, जो प्रोसेसला टाळता येत नाही. तोवर पोस्टग्रेस कधीच बंद झालेलं असतं.

दुसरी चूक क्रमांकाची. बंद करताना ‘के’ दुवे लहान आकड्याकडून मोठ्याकडे चालतात. पोस्टग्रेसची मूळ स्क्रिप्ट सुरू होताना ६४ आणि बंद होताना ३६ अशी असते. तुम्ही दिलाय के८०, म्हणजे डेटाबेस ३६ वर गेला आणि तुमची पाळी ८० वर. दोन्ही आकड्यांची बेरीज १०० ठेवायची, हा साधा संकेत आहे. ८० वर सुरू, २० वर बंद. जो नंतर सुरू झाला तो आधी बंद होतो.

स्टार्टमध्ये टच करून लॉक फाइल बनवा, स्टॉपमध्ये ती काढा आणि क्रमांक सुधारून चेककॉन्फिग पुन्हा चालवा.

---

वाटसरू

फ्रीबीएसडीवर जवळजवळ हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. स्क्रिप्टच्या डोक्यावर प्रोव्हाइड, रिक्वायर अशा टिप्पणीच्या ओळी असतात, त्यात ‘कीवर्ड: शटडाउन’ अशी ओळ आहे का बघा. आरसी-शटडाउन फक्त हा कीवर्ड असलेल्या स्क्रिप्ट निवडतं आणि आरसीऑर्डरने लावलेल्या क्रमाच्या उलट क्रमाने थांबवतं. कीवर्ड नसेल तर तुमच्या स्क्रिप्टचं नाव त्या यादीत येतच नाही. पोस्टग्रेसच्या स्क्रिप्टमध्ये तो असतो, म्हणून ते शहाण्यासारखं आधी बंद होतं आणि तुमचा प्रोग्राम मागे राहतो.

आणि तिथे नुसतं रीबूट वापरू नका. बीएसडीच्या परंपरेत रीबूट आणि हॉल्ट या थेट कमांड आहेत: प्रोसेसना सिग्नल द्यायचे, फाइलसिस्टम लिहून टाकायची, मशीन फिरवायचं. आरसी-शटडाउनच्या वाटेला त्या जात नाहीत. शटडाउन -आर नाऊ म्हणा, म्हणजे इनिटकडून, अर्थात पीआयडी १ कडून, रीतसर सगळं होईल.

एक सावधगिरी. लिनक्सवर शटडाउन -सी म्हणजे ठरवलेलं शटडाउन रद्द करणं. फ्रीबीएसडीवर -सी म्हणजे वीज पूर्ण तोडून मशीन परत चालू करणं, हार्डवेअर तसं करू शकत असेल तर. तिथे ठरलेलं शटडाउन रद्द करायचं तर वाट पाहत बसलेली शटडाउनची प्रोसेसच किल करायची. सवयीने बोटं चालली तर घात होतो.

---

जुनंटर्मिनल

वाटसरूंच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. मी बरीच वर्षं सोलारिस आणि लिनक्स शेजारी शेजारी सांभाळले. सोलारिसवर शटडाउनला -वाय -जी६० -आय६ असं सांगावं लागतं: प्रश्न विचारू नकोस, ६० सेकंद थांब, रनलेव्हल ६ ला जा. तिथेही नुसतं रीबूट किंवा हॉल्ट केलं की आरसीच्या थांबवायच्या स्क्रिप्ट चालत नाहीत.

आणि किलऑल. लिनक्सवर त्याला प्रोसेसचं नाव द्यायचं, त्या नावाच्या प्रोसेस जातात. सोलारिसवर ती शटडाउनने वापरायची कमांड आहे आणि ती खरोखरच सगळं मारते. रूट म्हणून लिनक्ससारखी चालवली आणि चालू सर्व्हर हातातून गेला, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेव्हापासून नव्या मशीनवर बसलो की शटडाउन, रीबूट, हॉल्ट या तिन्हींची मॅन पानं आधी वाचतो.

---

पहिलीओळ

मध्येच विचारते, मी नवीन आहे. रीबूट म्हटल्यावर आत नक्की घडतं काय? मला वाटायचं ही कमांडच सगळं बंद करते. आणि हे पीआयडी १ प्रकरण काय आहे?

---

निळीशाई

मध्येच विचारलंत ते बरं झालं, धागा त्याच्यावरच उभा आहे.

कर्नल बूट झाला की तो स्वतः एकच प्रोग्राम सुरू करतो, इनिट. त्याचा प्रोसेस क्रमांक १. बाकी सगळे डीमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम), लॉग-इन, शेल हे त्याने किंवा त्याच्या वंशजांनी जन्माला घातलेले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये इनिट एक आरसी स्क्रिप्ट चालवायचं आणि प्रत्येक टर्मिनलवर गेटी (लॉग-इन विचारणारा प्रोग्राम) बसवायचं, तेवढंच. शटडाउन ही स्वतंत्र कमांड आली ४.०बीएसडीत, म्हणजे १९८० साली.

शटडाउन स्वतः फारसं काही बंद करत नाही. लॉग-इन असलेल्यांना इशारा देतं. पुढची वेळ दिली असेल तर ५ मिनिटं उरल्यावर नोलॉगिन फाइल बनवतं, म्हणजे नव्याने कुणाला आत येता येत नाही. वेळ झाली की पीआयडी १ ला निरोप देतं. पुढचं काम त्याचं: सर्व्हिसेस क्रमाने थांबवायच्या, उरलेल्यांना सिगटर्म, ऐकत नसतील तर सिगकिल, फाइलसिस्टम अनमाउंट आणि अगदी शेवटी कर्नलला रीबूट हा सिस्टम कॉल.

तो शेवटचा कॉल मागेपुढे बघत नाही. आधी सिंक झालेलं नसेल तर डेटा जाईल, असं त्याच्या मॅन पानात स्पष्ट लिहिलंय. चुकून कुणाकडून तो लागू नये म्हणून लिनक्समध्ये त्याला दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात. दुसऱ्या जागी चालणाऱ्या आकड्यांपैकी एक आहे ६७२२७४७९३. हेक्साडेसिमलमध्ये तो होतो २८१२१९६९, म्हणजे २८ डिसेंबर १९६९, लिनस टॉरव्हाल्ड्सची जन्मतारीख. बाकीचे त्यांच्या मुलींच्या जन्मतारखांचे.

थोडक्यात, रीबूट करा म्हणणारी कमांड वेगळी आणि रीबूट घडवणारा वेगळा. रात्रपाळींच्या नोंदी जातात त्या या दोघांमधल्या वाटेवर.

---

रात्रपाळी

जुन्या लिनक्सवर लॉक फाइल घातली, क्रमांक २० केला. फ्रीबीएसडीवर कीवर्ड घातला आणि शटडाउन -आर वापरलं. दोन्हीकडे पाच-पाच वेळा रीबूट केलं, नोंदींचे अनुक्रमांक सलग आहेत. मनापासून आभार!

आता नवं लिनक्स. तिथे रीबूट म्हणजे सिस्टम-डीचं सिस्टमसीटीएल रीबूटच, असं वाचलं. म्हणजे ते रीतसर व्हायला हवं. रिक्वायर्सही दिलेलं आहे. तरी पाचपैकी दोनदा नोंदी गेल्या.

---

जुनंटर्मिनल

मला वाटतं तुमचं उत्तर तुमच्याच आधीच्या वाक्यात आहे: ‘सुरू होताना डेटाबेस मिळाला नाही तर पुन्हा प्रयत्न करतो.’

सिस्टम-डीमध्ये गरज आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिक्वायर्स फक्त गरज सांगतं: मी हवा असेन तर पोस्टग्रेसही हवं. आधी कोण, नंतर कोण हे ते सांगत नाही. त्यासाठी आफ्टर लिहावं लागतं. ते नसेल तर दोघं एकाच वेळी सुरू होतात. तुमच्याकडेही रोज तेच होत असणार. डेटाबेस तयार नसतो, प्रोग्राम ५ सेकंद थांबतो, पुन्हा जोडतो आणि तुम्हाला सगळं सुरळीत दिसतं.

बंद होतानाही दोघं एकाच वेळी बंद होतात. आफ्टर लिहिलेलं असेल तर सिस्टम-डी थांबवताना तोच क्रम आपोआप उलटा करतं. बंद करायच्या क्रमासाठी वेगळी ओळ नाही, सुरू करायच्या क्रमावरूनच तो निघतो. तुम्ही तो दिलाच नाही, म्हणून दोघांना एकाच क्षणी सिग्नल जातो आणि पुढे शर्यत. रांग छोटी असेल तर तुमचा प्रोग्राम जिंकतो, मोठी असेल तर हरतो. पाचपैकी दोन असा आकडा त्यातूनच येतो.

यात पोस्टग्रेसचा स्वभावही लक्षात घ्या. बंद होण्याच्या त्याच्या तीन तऱ्हा आहेत. सिगटर्म दिला तर नवे ग्राहक घेत नाही, पण आहेत ते जाईपर्यंत थांबतो. सिगइंट दिला तर चालू व्यवहार मागे घेऊन सगळ्यांची जोडणी तोडतो आणि व्यवस्थित बंद होतो. सिगक्विट दिला तर तडकाफडकी जातो आणि पुढच्या वेळी लॉगवरून सावरतो. पॅकेजसोबत येणाऱ्या सर्व्हिसमध्ये साधारणपणे दुसरी तऱ्हा असते, नाहीतर एखादा ग्राहक चिकटून बसला की मशीन बंदच होणार नाही. म्हणजे तो तुमची वाट पाहणार नाही, जोडणी तोडणार.

सुरुवातीचा पुनःप्रयत्न चांगलाच आहे, काढू नका. फक्त त्याच्यामुळे क्रमाची उणीव इतके दिवस झाकली गेली. सुरू होताना चुकीला दुसरी संधी मिळते, बंद होताना मिळत नाही. म्हणून मी कुठल्याही सर्व्हिसची परीक्षा बंद करूनच घेतो.

आफ्टरमध्ये पोस्टग्रेसची सर्व्हिस घाला. आणि रिक्वायर्सऐवजी वॉन्ट्स करा असं सुचवेन, नाहीतर कुणी डेटाबेस हाताने थांबवला की तुमचा प्रोग्रामही सोबत थांबेल.

---

साधीस्क्रिप्ट

माझं मत वेगळं आहे. जुन्या पद्धतीत डिरेक्टरी उघडली की क्रम डोळ्यांसमोर दिसायचा. के२० आधी, के३६ नंतर. आता गरज एका ओळीत, क्रम दुसऱ्या ओळीत आणि दोन्ही न लिहिता चालतं. ज्यावर डेटा अवलंबून आहे ते इतकं आडून असू नये. अल्पाइनवर ओपनआरसी आहे, व्हॉइडवर रनिट आहे, तिथे काम करताना मला असं अडखळायला होत नाही.

---

निळीशाई

क्रम डोळ्यांना दिसायचा हे मान्य, आणि तो गुण मोठा होता. पण रात्रपाळींच्या जुन्या मशीनवर तोच आकडा चुकलेला होता आणि वर्षानुवर्षं कुणाला दिसला नाही. शिवाय आकड्यांमुळे ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही तेही एका रांगेत उभे राहायचे. एकाला उशीर, की मागचे सगळे खोळंबले. ती रांग मोडायचे प्रयत्न बरेच झाले: २००५ साली सोलारिस १० मध्ये एसएमएफ आणि मॅक ओएस टेनच्या टायगरमध्ये लाँचडी, २००६ साली उबुंटूत अपस्टार्ट, २०१० पासून सिस्टम-डी.

दिसण्याबद्दल म्हणाल तर सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीजला --आफ्टर जोडा, क्रम दिसतो. सिस्टम-डी-अॅनालाइझ क्रिटिकल-चेन सुरू होतानाची साखळी दाखवतं. बंद होतानाची साखळी दाखवणारं तितकं सोयीचं काही माझ्या वापरात नाही, तिथे जर्नलच (सिस्टम-डीची नोंदवही) वाचावा लागतो. तुमची तक्रार तेवढ्यापुरती मी मान्य करते.

---

रात्रपाळी

आफ्टर घातलं, वॉन्ट्स केलं. चार रीबूट स्वच्छ. काल रात्री पाचव्यात पुन्हा नोंदी गेल्या. काय बघू? जर्नलसीटीएल -बी -१ केलं तर आधीच्या बूटचं काहीच नाही म्हणतो.

---

निळीशाई

जर्नल मेमरीतच राहत असणार. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर मूळ सेटिंगप्रमाणे तो /रन मध्ये लिहितो आणि रीबूटबरोबर पुसला जातो. ती डिरेक्टरी बनवा, जर्नल-डी पुन्हा सुरू करा. पुढच्या रीबूटनंतर -बी -१ -ई केलंत की शटडाउनचे शेवटचे क्षण दिसतील.

तोवर एक प्रश्न. काल रीबूटच्या आधी प्रोग्राम कुणी हाताने सुरू केला होता का? सिस्टम-डी-सीजीएलएस (चालू प्रोसेसचं झाड दाखवणारी कमांड) चालवून बघा, तो कुठल्या फांदीवर बसलाय.

---

रात्रपाळी

सापडलं. काल दुपारी नवी आवृत्ती टाकताना सहकाऱ्याने सर्व्हिस थांबवली आणि प्रोग्राम टर्मिनलवरून, नोहप (लॉग-आउट झालं तरी चालू ठेवणारी कमांड) लावून, थेट सुरू केला. आज मी तसंच करून पाहिलं: सीजीएलएसमध्ये तो आमच्या सर्व्हिसखाली नाहीच, सेशनच्या स्कोपखाली दिसतोय.

---

निळीशाई

म्हणजे युनिट फाइलमधलं आफ्टर त्याला लागूच नव्हतं. सिस्टम-डीच्या लेखी तुमची सर्व्हिस बंद होती आणि कुणाच्या तरी लॉग-इनमध्ये एक अनामिक प्रोसेस चालू होती. तिचा आणि डेटाबेसचा क्रम कुणी सांगितलेलाच नाही. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) @रीबूट लावून सुरू केलेल्या गोष्टींचंही हेच होतं: सुरू करणारी ओळ आहे, थांबवणारी नाही.

प्रोग्राममध्येच एक तपासणी घाला. सिस्टम-डी सर्व्हिस सुरू करताना इन्व्होकेशन-आयडी नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देतं. ते नसेल तर नुसता इशारा छापा. अगदी पक्की खूण नाही, काही टर्मिनलमध्येही ते वारशाने येतं, पण एसएसएचवरून चालवलेलं बहुतेक वेळा पकडलं जाईल.

---

वाटसरू

आणखी एक राहिलं: वेळ. रांग खूप मोठी असेल आणि ओतायला दोन मिनिटं लागली तर? सिस्टम-डी मुळात ९० सेकंद थांबतं आणि मग सिगकिल देतं. स्क्रीनवर ‘स्टॉप जॉब चालू आहे’ असा मोजत जाणारा संदेश दिसतो तो हाच. तुमच्या युनिटमध्ये टाइमआउटस्टॉपसेक वाढवा. फ्रीबीएसडीवर आरसी-शटडाउनला मिळून ९० सेकंद असतात, आरसी-कॉन्फमध्ये आरसीशटडाउन_टाइमआउट. जुन्या लिनक्सच्या स्क्रिप्टला मर्यादाच नाही, ती अडकली तर मशीन तिथेच अडकतं.

उद्या हे कंटेनरमध्ये नेलंत तर डॉकर स्टॉप फक्त १० सेकंद देतं. शिवाय तिथे तुमचा प्रोग्राम स्वतः पीआयडी १ होतो, आणि पीआयडी १ ने सिगटर्मसाठी हँडलर लावला नसेल तर कर्नल तो सिग्नल त्याच्यापर्यंत पोचवतच नाही. तुमच्याकडे हँडलर आहे म्हणून निभावेल, पण मध्ये शेल स्क्रिप्ट असेल तर तिने एक्झेकने प्रोग्राम सुरू करायला हवा. नाहीतर सिग्नल शेलला मिळेल आणि प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही.

---

साधीस्क्रिप्ट

क्रमाबद्दलचे मतभेद बाजूला ठेवून एक कळकळीचं सांगणं. या सगळ्या धाग्यात आपण असं धरून चाललोय की मशीनला बंद होण्याची सूचना मिळते. वीज गेली, कर्नल पॅनिक झाला, कुणी रीबूट -एफ दोनदा दिलं, तर सिगटर्म कुठून येणार? यूपीएस असेल तर तो वेळेवर शटडाउन लावू शकतो, पण पॅनिकला त्याचा उपयोग नाही.

या नोंदी पुन्हा मिळणार नाहीत असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. मग त्या मिनिटभर मेमरीत ठेवूच नका. आली नोंद की स्थानिक फाइलच्या शेवटी जोडा, एफसिंक करा (म्हणजे ती फाइल खरोखर डिस्कवर लिहून घ्या), मगच सेन्सरला पोच द्या. डेटाबेसमध्ये जायचं तेव्हा जाऊ दे. सुरू होताना आधी ती फाइल वाचा आणि राहिलेलं भरून घ्या. प्रत्येक नोंदीला एफसिंक जड जात असेल तर सेकंदाला एकदा करा, म्हणजे जास्तीत जास्त सेकंदभराचं जाईल.

---

जुनंटर्मिनल

पूर्ण सहमत. क्रम तरीही नीट ठेवा, कारण रोजची रीबूट त्याच वाटेने जातात. पण शेवटचा आधार फाइलच.

---

रात्रपाळी

सर्व्हिसबाहेर सुरू झाला तर इशारा देणारी तपासणी घातली. सहकाऱ्यासाठी सर्व्हिस नव्याने सुरू करायची एकच छोटी स्क्रिप्ट बनवली, आता टर्मिनलवरून थेट सुरू करायची गरज पडणार नाही. टाइमआउट ३ मिनिटं केलाय.

काल रात्री तिन्ही मशीन दहा-दहा वेळा रीबूट केली, मुद्दाम रांग भरलेली असताना. तिन्हीकडे अनुक्रमांक सलग. नव्या मशीनच्या जर्नलमध्ये आमचा प्रोग्राम ‘थांबला’ ही ओळ दहाही वेळा पोस्टग्रेस ‘थांबवत आहे’ या ओळीच्या वर आहे.

फाइलचं काम आजपासून घेतोय. ते झालं की चाचणीच्या मशीनचा प्लग ओढून बघेन आणि निकाल इथेच लिहीन.